मूळ कुठलं, घर कुठलं? : मॉरिशसच्या मराठी माणसांवरून घेतलेला एक पाठ



जून महिन्यात वर्गशिक्षकाच्या टेबलावर काय काय साठतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दाखले, आधारच्या झेरॉक्स, बँकेची पासबुकं आणि विद्यार्थ्यांच्या माहितीचे तक्ते. आठवीचा असाच एक तक्ता मी भरून घेत होतो. नाव, जन्मतारीख, धर्म, जात आणि पुढे ‘मातृभाषा’ असा रकाना. मुलं एकेक करून येत होती, रकाने भरून जात होती. एक मुलगी मातृभाषेपाशी येऊन थांबली.

‘‘सर, आजी तेलुगूत बोलते. आई माझ्याशी मराठीत बोलते. मला तेलुगू कळते, पण वाचता येत नाही. काय लिहू?’’

आमचं सोलापूर ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. शहराच्या पूर्व भागात विणकामासाठी तेलंगणातून आलेल्या कुटुंबांच्या कितीतरी पिढ्या नांदल्या आहेत. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, दुकानात दोन्ही. पण त्या दिवशी मला घाई होती. मी म्हणालो, ‘‘घरात जी जास्त बोलता ती लिही आणि पुढे चल.’’ तेवढ्यात मागच्या बाकावरून एकजण बोलला, ‘‘म्हणजे ही मूळची सोलापूरची नाहीच का?’’ वर्ग हसला. ती हसली नाही. तिने ‘मराठी’ लिहिलं आणि जागेवर जाऊन बसली.

तक्ता पूर्ण झाला, पण मला चैन पडेना. त्या मुलाला रागावून प्रश्न सुटला नसता, कारण त्याने विचारलं ते मोठी माणसंही विचारतात. आणि त्या मुलीला उभं करून ‘बघा, हिची भाषा वेगळी असली तरी ही आपलीच’ असं भाषण दिलं असतं, तर तिची आणखी अडचण झाली असती. ज्या मुलाचा प्रश्न आहे त्यालाच वर्गासमोर उदाहरण करायचं नाही, हे मी वीस वर्षांच्या नोकरीत चुका करतच शिकलोय.

मग असं उदाहरण शोधलं जे दूरचंही आहे आणि आपलंही. मॉरिशस. तिथे काही हजार कुटुंबांचे पूर्वज मराठी बोलणारे होते. सोलापूर-तेलंगण हा एकाच देशातला प्रवास आहे; मॉरिशसला गेलेल्यांच्या बाबतीत समुद्र मध्ये आला आणि पुढे देशही वेगळा झाला. त्यामुळे तोच प्रश्न तिथे जास्त ठळक दिसतो. दोन तासिकांत हा पाठ कसा घेतला, कुठे चुकलो आणि मुलांनी काय शिकवलं, ते खाली देतोय. तुमच्या वर्गात जरूर वापरा.

तासिका पहिली : रिकामं बेट

नकाशा लावला. मादागास्करच्या पूर्वेला बोट ठेवलं. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सोलापूर शहरापेक्षा थोडीशीच जास्त. पहिला प्रश्न विचारला, ‘‘इथले मूळ रहिवासी कोण असतील?’’ मुलांनी आफ्रिकन, अरब, आदिवासी अशी उत्तरं दिली. खरं उत्तर ऐकून वर्ग गप्प झाला. कोणीच नाही. डच लोक १५९८ मध्ये तिथे उतरले तेव्हा बेटावर माणसांची वस्तीच नव्हती. डोडो पक्षी होते, ते पुढे शे-सव्वाशे वर्षांच्या आत संपले.

म्हणजे या देशात प्रत्येकाचा कोणी ना कोणी पूर्वज बोटीतून आला आहे. फरक फक्त कधी आणि कसा, एवढाच. हा मुद्दा मुलांच्या मनात पक्का बसू द्या, पुढचा सगळा पाठ त्यावर उभा आहे.

मग फळ्यावर तीन रकाने केले : ‘कोण आले’, ‘कसे आले’ आणि ‘बरोबर काय आणू शकले’.

डचांनी १६३८ मध्ये वसाहत केली आणि १७१० मध्ये बेट सोडलं. त्यानंतर १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. त्यांनी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून, विशेषतः मोझांबिककडून, माणसं गुलाम करून आणली. १८१० मध्ये बेट ब्रिटिशांनी जिंकलं. जमीनदार आणि त्यांची फ्रेंच भाषा मात्र तिथेच राहिली. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. भरपाई म्हणून ब्रिटिश सरकारने मॉरिशसच्या मालकांना वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली. गुलामांना काय मिळालं, असं एका मुलीने विचारलं. त्यांना पैसे तर मिळाले नाहीतच, उलट ‘उमेदवारी’ या नावाखाली आणखी काही वर्षं जुन्या मालकाकडेच राबावं लागलं.

ऊस तर वाढत होता. मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात पोचलं. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये पगार आणि शिधा. करार म्हणजे ‘ॲग्रीमेंट’, त्याचंच आपल्याकडे ‘गिरमिट’ झालं. पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख भारतीय असे गेले. त्यातले बरेच परत आले, पण जास्त लोक तिथेच राहिले. आज मॉरिशसच्या जवळजवळ दोन तृतीयांश लोकांचं मूळ भारतात आहे. ज्या धक्क्याच्या सोळा पायऱ्या चढून ही माणसं वर आली त्याला आता ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

तिसरा रकाना भरताना मुलं स्वतः बोलायला लागली. गिरमिटिया मजुराने काय आणलं? देवाची तसबीर, एखादं भांडं, बियाणं, ओव्या, शिव्या, सणवार, भाषा. आणि गुलाम केलेल्या माणसाने? त्याचं नाव बदललं जाई, त्याचा बाप्तिस्मा केला जाई, एका भाषेची माणसं एका ठिकाणी राहतीलच असं नसे. त्याच्या रकान्यात काय लिहायचं यावर वर्ग अडकला. शेवटी एकाने ‘गाणं’ असं लिहिलं. त्याला ठाऊक नव्हतं, पण ते बरोबर होतं. ‘सेगा’ हे मॉरिशसचं नाचगाणं गुलामांच्या वस्त्यांमधून आलं. आज ते सगळ्या देशाचं मानलं जातं.

मराठी माणसं कशी टिकली

सगळ्यात जास्त मजूर कलकत्त्याहून गेले, त्याखालोखाल मद्रासहून. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने थोडे. रत्नागिरी, सातारा अशा भागांतली ही माणसं. म्हणून मॉरिशसमधला मराठी गट लहान आहे, लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास. कास्कावेल, वाक्वा या भागांत तो जास्त दिसतो.

टिकलं काय? गणपती टिकला. १८९६ पासून तिथे गणेशोत्सव होतो असं सांगितलं जातं आणि आज गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. कोकणातला जाखडी नाच तिथे ‘झाकरी’ या नावाने टिकला. शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचं उच्च शिक्षण घेता येतं. याच संस्थेत मजुरांच्या आगमनाच्या जुन्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. माणूस, त्याचा क्रमांक, गाव, जहाज, वर्ष. पुढच्या काळातल्या नोंदींबरोबर तर फोटोही आहेत. आपला पणजोबा कुठून आला हे शोधायला लोक तिथे जातात.

आणि बदललं काय? आडनावं. कारकून विचारी, नाव काय? मजूर सांगे, सोनू. फ्रेंच-इंग्रजी वळणाने जसं ऐकू येई तसं ते वहीत उतरे आणि पुढे मुलानातवंडांचं आडनाव होऊन बसे. मूळ आडनाव नोंदीत आलंच नाही. बोलीही बदलली. रोजच्या घरातली भाषा क्रिओल झाली. फ्रेंच शब्दांवर उभी राहिलेली ही भाषा गुलामांच्या आणि मालकांच्या व्यवहारातून तयार झाली. आज दहापैकी आठांहून अधिक घरांत ती बोलली जाते. मराठी पूर्वजांची नातवंडं-पतवंडं शाळेत मराठी शिकतात, देवळात आरती म्हणतात आणि घरी येऊन भावंडांशी क्रिओलमध्ये भांडतात.

मी केलेली चूक

पहिली तासिका संपत आली होती. मी उत्साहाच्या भरात बोलून गेलो, ‘‘म्हणजे बघा मुलांनो, हजारो किलोमीटरवर आपलेच लोक आहेत. ते मनाने मराठीच आहेत!’’

त्याच मागच्या बाकावरचा मुलगा उठला. ‘‘सर, आपलेच आहेत तर परत का येत नाहीत?’’

घंटा झाली म्हणून मी वाचलो. घरी जाताना लक्षात आलं की त्या मुलाने जूनमध्ये मुलीबद्दल जे विचारलं होतं, तेच मी आता मॉरिशसच्या माणसांबद्दल म्हणालो होतो. त्याने विचारलं, ती इथली नाहीच का? मी म्हणालो, ते तिथले नाहीतच, आपले आहेत. सूर प्रेमाचा, पण काम तेच. दुसऱ्याचं घर कुठलं हे आपण परस्पर ठरवून टाकलं. त्यांच्या पाच-सहा पिढ्या तिथे जन्मल्या, तिथे राबल्या, तिथल्या मातीत गेल्या. १२ मार्च १९६८ रोजी तो देश स्वतंत्र झाला, त्यासाठी त्यांनी मतं दिली. १९९२ मध्ये तो प्रजासत्ताक झाला. त्यांना परत यायचं नाही, कारण ते घरीच आहेत.

दुसऱ्या दिवशी तास सुरू करताना आधी हेच सांगितलं, की काल मी चुकीचं बोललो. मुलांना शिक्षकाची चूक फार आवडते. पाठ पुढे न्यायला त्याचा उपयोगच झाला.

तासिका दुसरी : एका माणसाला किती रकाने?

दुसऱ्या तासाला मॉरिशसचे दोन तक्ते समजावून घेतले. दोन्ही खरे आहेत, आणि दोन्हींमध्ये बरंच काही शिकण्यासारखं आहे.

पहिला तक्ता जनगणनेचा. तिथे भाषेबद्दल दोन वेगवेगळे प्रश्न असतात. घरात सहसा कोणती भाषा बोलता? आणि तुमच्या पूर्वजांची भाषा कोणती? त्यामुळे एखादा माणूस पहिल्या ठिकाणी ‘क्रिओल’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘मराठी’ असं लिहू शकतो. एक खरं आणि दुसरं खोटं ठरवायची गरज पडत नाही. हे सांगताना मी मुद्दाम त्या मुलीकडे पाहिलं नाही. पण तिने मान वर केल्याचं दिसलं.

दुसरा तक्ता निवडणुकीचा. स्वातंत्र्याच्या वेळी लहान गटांना भीती होती की बहुसंख्यांपुढे आपलं कोणी ऐकणार नाही. १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्याच्या विरोधातल्या पक्षालाही चव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास मतं पडली होती, आणि स्वातंत्र्याच्या तोंडावर राजधानीत दंगल झाली. ही भीती ओळखून एक तोड आधीच काढली गेली होती. संसदेत ६२ सदस्य निवडून येतात. त्यात कुठल्या समाजाला कमी जागा मिळाल्या असतील तर हरलेल्या उमेदवारांपैकी चांगली मतं मिळवणाऱ्यांना आणखी आठपर्यंत जागा दिल्या जातात. त्यासाठी राज्यघटनेत चार समाज मानले आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि ‘जनरल पॉप्युलेशन’. पहिल्या तिन्हींत जो बसत नाही तो चौथ्यात. गोरे जमीनदारही तिथेच आणि गुलामांचे वंशजही तिथेच.

उमेदवाराने आपला समाज अर्जात लिहायचा. आणि नाही लिहिला तर? तर अर्ज बाद. ‘आम्ही मॉरिशियन आहोत, याहून वेगळा समाज सांगणार नाही’ असं म्हणून काही नागरिक न्यायालयात गेले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत पोचलं. २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं. त्यातली एक गोष्ट मुलांना गणितासारखी आवडली. समाजवार मोजणी १९७२ मध्ये शेवटची झाली. १९८२ मध्ये तो प्रश्नच वगळला गेला. म्हणजे कितीतरी दशकं जागावाटप चाललं होतं ते जुन्या आकड्यांवर. पुढे २०१४ च्या निवडणुकीपुरती समाज न लिहिण्याची मुभा दिली गेली.

मी वर्गाला विचारलं, ही पद्धत चांगली की वाईट? वर्ग दुभंगला. एक गट म्हणाला, लहान गटाला जागा मिळते, मग वाईट काय? दुसरा म्हणाला, स्वतःला कशात घालायचं हे आपण ठरवायचं, अर्जाने नाही. दोन्ही बाजूंत दम आहे. कृपा करून इथे ‘योग्य उत्तर’ सांगू नका. संरक्षण देणारा रकाना आणि कोंडून ठेवणारा रकाना कधी कधी एकच असतो, हे मुलांना स्वतः सापडू द्या.

ज्यांच्याकडे वारसाच उरू दिला नाही

हा भाग गाळू नका. मीही आधी गाळणार होतो, कारण आपल्याला आपल्या माणसांची गोष्ट सांगायला आवडते.

शाळेत ‘पूर्वजांची भाषा’ शिकायची सोय केली तेव्हा हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी असे पर्याय आले. गुलामांच्या वंशजांनी काय निवडायचं? त्यांच्या पूर्वजांच्या भाषा तर मोडून टाकल्या होत्या. त्यांच्याकडे उरली क्रिओल, आणि ती तर सगळ्यांचीच, शिवाय ‘बिघडलेली फ्रेंच’ म्हणून हिणवलेली. प्राथमिक शाळेत क्रिओल हा ऐच्छिक विषय म्हणून आली ती २०१२ मध्ये, स्वातंत्र्यानंतर ४४ वर्षांनी. त्याआधी, फेब्रुवारी १९९९ मध्ये, काया या नावाने प्रसिद्ध असलेला क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि देशभर दंगली उसळल्या. एका मृत्यूने एवढा भडका का उडाला, हे समजायला फळ्यावरचा तो तिसरा रकाना पुन्हा पाहावा लागतो.

वारशाचा अभिमान चांगलाच. पण ज्या देशात प्रत्येकाला ‘तुझं मूळ सांग’ असं विचारलं जातं, तिथे ज्याचं मूळ जबरदस्तीने पुसलं गेलं तो माणूस आपोआप मागे पडतो. मॉरिशसने हे हळूहळू ओळखलं. गुलामगिरी संपल्याचा १ फेब्रुवारी आणि मजूर आल्याचा २ नोव्हेंबर, दोन्ही दिवस आज राष्ट्रीय सुट्ट्या आहेत. आप्रवासी घाटानंतर दोन वर्षांनी, २००८ मध्ये, पळून गेलेल्या गुलामांचा आसरा असलेला ल मॉर्न हा डोंगरही जागतिक वारसा यादीत आला. २०१४ मध्ये सेगा आणि २०१६ मध्ये भोजपुरी लग्नगीतांची ‘गीत-गवई’ परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

एक छोटी दुरुस्तीही मुलांना सांगा. ‘पूर्वजांची भाषा’ ही दर वेळी पूर्वज बोलत तीच असते असं नाही. बिहारकडून गेलेले बहुतेक जण भोजपुरी बोलत, त्यांच्या वंशजांना शाळेत हिंदी मिळाली. कोकणातून गेलेला मजूर आपल्या गावची बोली बोलत असणार, त्याच्या वंशजाला पुस्तकातली प्रमाण मराठी मिळते. म्हणजे वारसा जसाच्या तसा पेटीतून येत नाही. प्रत्येक पिढी त्यातलं काही निवडते, काही नव्याने शिकते.

फुटबॉलचा प्रश्न

शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा एक प्रश्न टाकला. ३ सप्टेंबर २०२४ रोजी हैदराबादला भारत आणि मॉरिशस यांचा फुटबॉल सामना झाला. समजा, मराठी पूर्वज असलेला मॉरिशसचा एक मुलगा तो टीव्हीवर पाहतोय. तो कोणाच्या बाजूने ओरडेल?

‘‘मॉरिशसच्या!’’, ‘‘भारताच्या!’’, ‘‘मॉरिशसच्याच, त्याचे मित्र खेळतायत ना.’’ मग एकाने विचारलं, ‘‘सर, निकाल काय लागला?’’ शून्य-शून्य. वर्गात हशा पिकला. ‘‘मग बरं झालं त्याचं!’’

हसू ओसरल्यावर आमची जरा गंभीर चर्चा झाली. तो मॉरिशससाठी ओरडला तर त्याने पणजोबाशी बेइमानी केली का? आणि भारतासाठी टाळी वाजवली तर देशाशी? मुलांचं मत पडलं की नाही. मावशीच्या घरचं लग्न असलं म्हणून आपलं घर बदलत नाही, असं एक मुलगी म्हणाली. मला हे फार आवडलं.

याच्याशी जोडून एक ताजी माहिती द्या. मार्च २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रपतींनी मॉरिशसच्या दौऱ्यात जाहीर केलं की तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांनाही ‘ओसीआय’ कार्ड मिळू शकेल. या कार्डामुळे भारतात येणं-राहणं सोपं होतं. मात्र ते नागरिकत्व नाही. मतदानाचा हक्क त्यात नाही. नातं आहे, हे कार्ड मान्य करतं. पण माणूस मॉरिशसचाच नागरिक राहतो. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या मोका इथे छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. तो तिथल्या मराठी मंडळींनी आपल्या देशात, आपल्या आनंदासाठी उभा केला, असं मुलांना सांगा. ‘परदेशात आपला झेंडा’ असं सांगितलं, तर माझीच चूक पुन्हा होईल.

वर्गात विचारता येतील असे प्रश्न

१. ज्या देशात मूळ रहिवासी कोणीच नाहीत, तिथे ‘परका’ कोणाला म्हणायचं?

२. तुमच्या घरातली अशी एक वस्तू, पदार्थ किंवा शब्द सांगा जो दुसऱ्या गावाहून आला आणि आता सगळ्यांचा झाला. (मॉरिशसमध्ये बिहारकडची दालपुरी आज सगळ्या धर्मांचे लोक रस्त्यावर उभं राहून खातात. सोलापूरच्या मुलांना उदाहरणं शोधायला वेळ लागत नाही.)

३. अर्जात समाज लिहिण्याची सक्ती असावी का? तुमच्या मताच्या विरुद्ध बाजूचे दोन मुद्दे आधी लिहा, मग तुमचे दोन.

४. आजी-आजोबांना विचारा : आपल्या घरातून कोणती भाषा, आडनाव किंवा सण हरवला? तो का हरवला?

चौथा प्रश्न देताना सांभाळा. काही घरांत हरवलेल्या गोष्टीमागे फाळणी, धरण, दुष्काळ किंवा जातीचा जाच असतो. वर्गात वाचून दाखवायची सक्ती करू नका.

पालकांसाठी

आपल्यापैकी अनेकांची भाचरं-पुतणे अमेरिकेत, इंग्लंडात वाढताहेत. सुट्टीत ती आली की आपण पहिल्या अर्ध्या तासात विचारतो, ‘‘तू इंडियन की अमेरिकन?’’ विचारणाऱ्याला मजा वाटते. मुलाला एक हात सोडायला सांगितल्यासारखं वाटतं. त्याऐवजी त्याला आरती येते का विचारा, येत नसेल तर शिकवा, आणि त्याच्या गावात खेळतात तो खेळ त्याच्याकडून समजून घ्या. मराठी पुढे जायची असेल तर ती परीक्षा घेऊन जाणार नाही, सोबत करून जाईल. आणि आपल्या गल्लीत, सोसायटीत जी कुटुंबं दुसऱ्या राज्यातून येऊन दोन-तीन पिढ्या झाल्या आहेत, त्यांच्या मुलांना ‘मूळचे कुठले?’ विचारताना आवाज कसा आहे याकडेही लक्ष असू द्या. प्रश्न वाईट नाही. तो ओळख वाढवायला विचारलाय की वेगळं काढायला, हे मुलांना लगेच कळतं.

पाठ झाल्यावर मी वर्गापुरता एक साधा तक्ता केला. त्यात दोन रकाने ठेवले : ‘घरात बोलतो ती भाषा’ आणि ‘आजी-आजोबांची भाषा’. भरून आला तेव्हा पाहिलं तर आमच्या एका वर्गात तेलुगू, कन्नड, उर्दू, हिंदी, मारवाडी, वडारी अशा भाषा निघाल्या. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने दुसऱ्या रकान्यात ‘कन्नड’ लिहिलं होतं. म्हणाला, ‘‘मला माहीतच नव्हतं सर, आजीला विचारलं तेव्हा कळलं. अक्कलकोटच्या पलीकडचे आहोत आम्ही.’’

त्या मुलीने पहिल्या रकान्यात ‘मराठी आणि तेलुगू’ असं दोन्ही लिहिलं आणि दुसऱ्यात ‘तेलुगू’. मी काही खोडलं नाही. शाळेच्या तक्त्यात मात्र अजून एकच रकाना आहे आणि तिथे ‘मराठी’ असंच आहे. त्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तुमच्या शाळेत कोणी काही तोड काढली असेल तर जरूर कळवा.